संगणक-सुरक्षा आणि वाणीचे मोल

आपल्या व्यापारी घरांतील मुलेमुली आता केवळ पेढीवर बसत नाहीत. ज्यास सायबर सिक्युरिटी म्हणतात, त्या संगणक-सुरक्षेच्या शिक्षणाकडेही त्यांचा ओढा आहे. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या तरुणांशी व त्यांच्या पालकांशी बोलताना एक उणीव आम्हांस जाणवते. कोणती परीक्षा दिली, कोणते प्रमाणपत्र मिळविले, याचीच चौकशी होते. चार माणसांत नीट बोलता येते काय, दुसऱ्याचे ऐकून घेता येते काय, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते या व्यवसायातील यश याच गुणांवर पुष्कळसे अवलंबून आहे.

अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीचे उदाहरण पाहावे. लोकांच्या पतीची नोंद ठेवणे हा तिचा धंदा. ‘अपाचे स्ट्रट्स’ या संगणक-प्रणालीत दोष असल्याची सूचना तिला सरकारी यंत्रणेकडून ८ मार्च २०१७ रोजी मिळाली. दुसऱ्याच दिवशी ती सूचना कंपनीत ई-मेलने फिरविण्यात आली. ४८ तासांत दुरुस्ती व्हावी, असेही ठरले. परंतु ई-मेल धाडण्याची यादी जुनी होती. दुरुस्ती ज्याच्या हाती, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही आणि काम झाले की नाही याचा पाठपुरावाही कोणी नीट केला नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेर त्यांचा सुगावा लागला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली. दोष ठाऊक होता, उपायही ठाऊक होता. घात केला तो न पोहोचलेल्या निरोपाने.

आपल्या पेढीवर याहून निराळे काय घडते? समजा, एखाद्या वृद्ध मुनिमाने फसवा दुवा दाबला आणि खात्यातून रक्कम गेली. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास ती रक्कम वाटेतच थोपविली जाण्याची आशा असते. परंतु मागील खेपेस सुरक्षा-तज्ज्ञाने त्याचा चारचौघांत पाणउतारा केला असेल, तर तो भीतीने गप्प राहील आणि मोलाचे तास वाया जातील. उद्धट तज्ज्ञ शहाणा असूनही पेढीस महाग पडतो, तो असा.

लेखनाचेही तेच. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्यात, असा भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. अशा घाईत काय घडले, काय ठाऊक आहे व काय नाही, हे मोजक्या शब्दांत मांडता न येणाऱ्याची विद्या कोणाच्या उपयोगी पडणार?

तांत्रिक ज्ञान गौण आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला कुलपाची रचनाच कळत नाही, त्याच्या गोड बोलण्याने तिजोरी राखली जात नाही. परंतु ते ज्ञान दुसऱ्याच्या गळी उतरविण्यास संयम, सौजन्य व सुबोध वाणी हवी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अशा उमेदवारास नेमताना त्याची प्रमाणपत्रे अवश्य पाहावीत. त्यानंतर त्यास आपल्या जुन्या मुनिमासमोर बसवावे आणि ओटीपी कोणास का सांगू नये, हे समजावून देण्यास सांगावे. मुनिमास ते पटले व पुन्हा शंका विचारण्याचा धीर आला, तर तो उमेदवार निःशंक नेमावा.