गाडीची वही

तुमच्या घरी स्कूटर, मोटारसायकल किंवा कार असेल तर तिच्या कप्प्यात एकदा डोकावून बघा. विम्याचा कागद सापडेल, एखादं मळकं फडकं सापडेल, सेल संपलेली बॅटरी सापडेल. वही काही सापडणार नाही. पूर्वी मात्र पुष्कळ घरी गाडीची म्हणून एक वही असायची. पेट्रोल किती भरलं, मीटरचा आकडा काय, ऑइल कधी बदललं, हे सगळं तिच्यात लिहायचं. गाड्या थोड्या, पेट्रोल महाग आणि गाडी कधी रुसून बसेल याचा नेम नाही. दवाखान्यात पेशंटच्या तापाचा तक्ता ठेवतात ना, तसंच!

आमच्या गाडीच्या अशा चार वह्या आत्ता माझ्यापुढे आहेत. पहिलीवर आईच्या अक्षरात लिहिलंय : ‘गाडी. सुरुवात १९७९. मु. कळंब.’ कळंब म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब बरं का! धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे. लहानपणी आमची पत्रं तिकडे जाऊन, महिनाभर फिरून मग आमच्याकडे यायची.

आमचा चिंतामणी जमिनीखाली राहतो. एरवी देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, इथे उतराव्या लागतात. बाबांनी नागपूरहून जुनी फियाट आणली, ती घराआधी या देवळाशी नेली. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंवाचं स्वस्तिक काढलं. ते स्वस्तिक पुसलं गेलं, पण त्या जागचा पिवळा डाग पुढे कितीतरी वर्षं टिकून होता.

बाबांचं औषधांचं दुकान होतं. यवतमाळहून औषधांची खोकी आणायची तर एस.टी.च्या टपावर ती फुटायची, म्हणून गाडी. ‘चैन नाही, धंद्याचं सामान आहे,’ असं ते सगळ्यांना सांगायचे. कोणी विचारलेलं नसायचं तरी सांगायचे!

गाडी १९६४ सालची, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच पंधरा वर्षांची झालेली. पण तेव्हा जुनी गाडी घेण्यात कमीपणा नव्हता. नवी पाहिजे असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नाव इटलीचं असलं तरी ही फियाट मुंबईतच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तो कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म सोलापूरचा. पुढे सत्तरच्या दशकात याच गाडीचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. त्यातली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या.

१९६४ सालच्याच आणखी एका फियाटची गोष्ट बाबा आम्हाला सांगत. तुम्हालाही माहीत असायला हवी. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले ते याच साली. त्यांच्या घरी स्वतःची गाडी नव्हती. मुलांनी हट्ट धरला. फियाटची किंमत तेव्हा १२,००० रुपये आणि शास्त्रीजींच्या खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला! ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये ते अचानक वारले, तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात अजून उभी आहे. बाबा या गोष्टीत शास्त्रीजींचं कौतुक करायचे. आई म्हणायची, ‘गाडी त्यांची, पण हप्ते तिचे. तिचं नाव घ्या की आधी.’

आता आमच्या फियाटविषयी. तिचा गिअर खाली नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. पुढे तीन माणसं आरामात बसत आणि मागे किती बसत हे न सांगितलेलं बरं. पुढच्या खिडकीला एक छोटी तिकोनी काच असे. ती तिरपी केली की वारा थेट तोंडावर येई. तो आमचा ए.सी.! थंडीत सकाळी सेल्फ मारण्याआधी चोक ओढायचा. त्याने इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, थंड इंजिन चटकन धरतं. चोक परत ढकलायला विसरलं की मागून काळा धूर आणि पुढून बाबांचं बोलणं.

पण खरी परीक्षा उन्हाळ्यात. यवतमाळकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेलच. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, डांबर मऊ झालेलं, आणि अशा वेळी यवतमाळच्या रस्त्यावर गाडी दोन आचके देऊन गप्प. बैलगाडीवाले थांबून विचारत, ‘काहून थांबली जी?’ बाबा न चिडता खाली उतरत, बॉनेट उघडत आणि म्हणत, ‘फडकं.’ ओलं फडकं आणि पाण्याची बाटली सांभाळणं हे माझं खातं होतं. बहिणीचं खातं पिशवीतले कांदे सांभाळण्याचं. ऊन लागू नये म्हणून.

फडक्याचं काय काम? सांगतो. पेट्रोलची टाकी मागे, डिक्कीकडे. तिथून पेट्रोल पुढे ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन फार तापलं की पंपही तापतो आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढायला केलेला. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. टाकी भरलेली, तरी इंजिन उपाशी! अशा वेळी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पंप निवतो, वाफेचं परत पेट्रोल होतं. तुमच्या घरचा माठ पाणी गार करतो तो याच न्यायाने. शाळेत बाष्पीभवन शिकवलं तेव्हा मला ते आधीपासून येत होतं. कळंब ते यवतमाळच्या रस्त्यावर शिकलो होतो.

हे सगळं आई वहीत लिहायची. तिचा नियम असा, की गाडी चालवतो त्याने लिहायचं नाही, डावीकडे बसतो त्याने लिहायचं. पानावर रकाने : तारीख, मीटर, पेट्रोल, कुठे, माणसं. जागा वाचवायची म्हणून अक्षरं तोडून. ‘दु.’ म्हणजे दुकानाचं सामान. ‘चिं.’ म्हणजे चिंतामणी, बाहेरगावचे पाहुणे दर्शनाला नेले की. ‘व. स्टे.’ म्हणजे वर्धा स्टेशन. कळंबला तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली २०२४ च्या फेब्रुवारीत, वर्ध्याहून. तोवर रात्रीची गाडी पकडायची तर वर्ध्याला जाणं आलं, आणि आमच्या आळीत त्यासाठी फियाट होती.

अॅव्हरेज काढायला मी या वहीतच शिकलो. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची. मधले किलोमीटर भागिले आत्ता मावलेलं पेट्रोल. २८६ भागिले २२, बरोबर १३. भाग नीट गेला तर आई बाजूला छोटंसं बरोबरचं चिन्ह करी, जणू गाडीच पास झाली!

सगळ्यात जास्त वाचण्यासारखा रकाना ‘माणसं’ हा. १९८४ च्या एका पानावर आहे : ‘रात्री १.४०. य. द. जाताना ५.’ य. द. म्हणजे यवतमाळचा दवाखाना. त्या रात्रीची मला अर्धवट आठवण आहे. दारावर थाप पडली आणि शेजारचे काकाजी म्हणाले, ‘भाऊ, उठा जी. पोरीले यवतमाळले न्यावं लागते, आत्ताच.’ बाबांनी बनियनवरच गाडी काढली, आई वही घेऊन शेजारी बसली. त्याच पानावर सहा दिवसांनी : ‘य. द. येताना ६.’ पुढे काही नाही. सहावं माणूस कोण, ते लिहायची गरजच नव्हती. आज ते माणूस नागपूरला नोकरी करतं.

अशा फेऱ्यांचे बाबा पैसे घेत नसत. खासगी गाडीने भाडं घेऊ नये हा कायदा आहे, असं ते सांगत. मग दुसऱ्या दिवशी दारात तुरीच्या शेंगांची पिशवी नाहीतर हुरडा येऊन पडे. त्याबद्दल कायद्यात काही नव्हतं.

१९९४ पर्यंत वहीत बहुतेक आईचं अक्षर आहे. सुट्टीत माझं आणि बहिणीचं. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मात्र एकदम बाबांचं अक्षर सुरू होतं. बाबांना मधुमेह होता, डोळ्यांवर परिणाम झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. आता गाडी विकणार असं सगळ्यांना वाटलं. आई त्रेचाळीस वर्षांची होती. तिने सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. ती बाबांना म्हणाली, ‘मला शिकवा.’

बाजाराचा दिवस सोडून रोज पहाटे बाजाराच्या मैदानात शिकवणी चाले. बाबा डावीकडे बसून नुसतं ऐकत. इंजिनाच्या आवाजावरून सांगत, ‘आता दुसरा टाक.’ दोन महिन्यांनी यवतमाळला जाऊन आईने लायसन काढलं. पहिल्यांदा ती मेन रोडवरून गाडी घेऊन गेली तेव्हा पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. ‘अरे पाय ना बाप्पा, वहिनी चालवून राह्यल्या!’

तेव्हापासून डावीकडे बाबा, आणि वही त्यांच्या मांडीवर. सुरुवातीला त्यांचं अक्षर एका ओळीत मावतं. दुकानदाराचं अक्षर, बारीक, सरळ. १९९८ च्या सुमाराला ते मोठं होऊ लागतं. २००१ मध्ये एक नोंद दोन ओळी खाते. २००३ ची पानं बघितली तर एका पानावर चारच नोंदी आहेत, आणि आकडे रेघ सोडून खाली उतरलेले. आईने त्यांना कधी ‘मी लिहिते’ म्हटलं नाही. नियम म्हणजे नियम. शेवटची नोंद त्या डिसेंबरातली : ‘चिं. माणसं २.’

बाबा २००४ च्या जानेवारीत गेले.

त्यानंतर वहीत परत आईचं अक्षर आहे. मी कितीतरी वेळा ती पानं उलटली आणि मग एकदा लक्षात आलं, की गाडी तर तीच चालवत होती. डावीकडची सीट रिकामी. म्हणजे गाडी थांबवून, किल्ली काढून ती लिहीत असणार. ‘माणसं’ या रकान्यात प्रत्येक वेळी १. असं २०११ पर्यंत, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. ती २०१९ ला गेली.

गाडी पुढे दोन वर्षं पत्र्याखाली उभी होती. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मी पुण्यात, बहीण नागपूरला. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. बहीण म्हणाली, ‘गाडी जाऊ दे, वह्या ठेवू.’ मी म्हटलं, गाडीच्या सीटमध्ये आईच्या साडीच्या पिना आहेत, स्टिअरिंगवर बाबांच्या अंगठ्याची जागा झिजलेली आहे, ते वहीत कुठे आहे? आम्ही फोनवर महिनाभर भांडलो. (पुढच्याच वर्षी, २०२२ च्या एप्रिलपासून, त्या नोंदणीची फी ६०० ची ५,००० झाली. बहिणीने तो कागद मला मुद्दाम पाठवला.)

शेवटी अमरावतीचे एक गृहस्थ भेटले. जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या ठेवण्याचा त्यांना नाद आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग पंपाला हात लावून म्हणाले, ‘मूळचा आहे.’ तेव्हाच बहिणीने माझ्याकडे बघितलं. २०२१ च्या दसऱ्याला गाडी त्यांच्याकडे गेली. वह्याही द्या म्हणाले, जुन्या गाडीची इतकी जुनी नोंद कोणाकडे सापडत नाही. वह्या नाही दिल्या. चारही वह्यांची झेरॉक्स करून दिली, चांगली जाड बांधून.

पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘साहेब, सगळं लागलं, एक तेवढं लागत नाही. दर वर्षी एप्रिल-मेच्या पानांवर जागोजागी “ओ. फ.” लिहिलंय. मिस्त्रीला विचारलं, त्यालाही माहीत नाही. हा कुठला पार्ट आहे? मागवावा लागेल का?’

मी म्हटलं, ‘नाही, घरातच असतो. बादलीत बुडवून घ्या.’