पाळणा लांबवणं: प्रश्न आईच्या तब्येतीचा

निवडणुका जवळ आल्या की मुसलमानांच्या लोकसंख्येची चर्चा सुरू होते. आकडे मात्र वेगळंच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मुस्लिम महिलेमागे मुलांचं सरासरी प्रमाण 1992-93 मध्ये 4.4 होतं, ते 2019-21 मध्ये 2.36 वर आलं.

पण या वादाला उत्तर देता देता आपण खरा प्रश्न विसरतो. तो आहे आईच्या तब्येतीचा. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाई झाली तर आईच्या अंगात रक्त कमी पडण्याचा आणि बाळ अशक्त जन्मण्याचा धोका वाढतो.

त्याच सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित महिलांची नसबंदी झालेली दिसते; पुरुषांची फक्त 0.3 टक्के. म्हणजे भार बाईवरच, तोही कायमच्या ऑपरेशनचा. या ऑपरेशनला बहुतेक उलमांची हरकत आहे. अंतर ठेवण्याची गोष्ट वेगळी. सहाबांच्या काळातल्या अझ्लच्या रिवायती बुखारी आणि मुस्लिम शरीफमध्ये आहेत. इमाम गझालींनीही तो जायज मानला.

कॉपर-टी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध हे सगळं सरकारी आरोग्य सेवेत मोफत मिळतं. कुणाला काय मानवेल, ते डॉक्टरच सांगतील.

आम्हा आरोंदेकरांसकट सगळ्यांना एवढंच सांगणं: आशाताई दारात आल्या की सुनेला एकटीला पुढे करू नका. नवऱ्यानेही सोबत बसावं, विचारावं. मूल दोघांचं, तर जबाबदारीही दोघांची.