पाऊण तासाची मिस्सा

साल्झबर्गचे आर्चबिशप कोलोरेडो यांचे नाव निघाले की संगीतप्रेमी मंडळी नाक मुरडतात. मोझार्टसारख्या प्रतिभावंताला छळणारा खडूस धनी, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. हा निवाडा आम्हांस निम्माच मान्य आहे.

१७७२ साली कोलोरेडो गादीवर आले. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या मोझार्टला दरबारी वाद्यवृंदात वार्षिक १५० फ्लोरिन वेतन सुरू झाले. पुढे १७७६ साली त्याने बोलोन्याच्या पाद्री मार्तिनींना गाऱ्हाणे लिहिले: खुद्द आर्चबिशप वेदीवर असले तरी सणाची मिस्सा पाऊण तासापेक्षा लांबता कामा नये, आणि एवढ्यात कर्णे-नगारेही वाजले पाहिजेत! तरुणाची चिडचिड आम्ही समजू शकतो. पण मिस्सा ही मैफल नव्हे. भाविकांच्या तोंडी लोकभाषेतील गीते असावीत असा आग्रह धरणारा हा सुधारक येथे चुकला, असे आम्ही म्हणणार नाही. १७७९ ची ‘राज्याभिषेक मिस्सा’ याच कुंपणात फुलली.

चूक झाली ती वेदीपाशी नव्हे, भोजनाच्या मेजापाशी. १७८१ साली व्हिएन्नात मोझार्टचे पान हुजऱ्यांच्या आणि आचाऱ्यांच्या पंगतीत मांडले गेले. बाहेर वादन करून चार पैसे मिळवू म्हटले तर धन्याची परवानगी नाही! राजीनामा पुढे केला तर आधी शिव्या आणि अखेर जूनमध्ये काउंट आर्कोची लाथ. (ही हकिकत मोझार्टच्याच पत्रांतून कळते, दुसरी बाजू कोणी लिहून ठेवली नाही, हेही खरे.)

‘अशा जाचातूनच प्रतिभा उजळते’ असे म्हणणारे शहाणे आपल्यातही आहेत. चर्चमधल्या ऑर्गनवादकाने मानधनाचा शब्द काढताच ‘ही देवाची सेवा आहे’ असे सुनावणारे बहुधा तेच. त्यांना आमचा सवाल आहे: ‘इदोमेनेओ’ हा ऑपेरा जानेवारी १७८१ मध्ये म्युनिकच्या रंगमंचावर आला, लाथ बसली जूनमध्ये. मग लाथेने नेमके काय घडवले? शिस्त सुरांना लावावी. सूर लावणाऱ्याची पायरी ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

चाकरी सुटल्यावर मोझार्टने सी मायनरमध्ये एक भव्य मिस्सा आरंभली. आता घड्याळ लावून बसणारा कोणी नव्हता. १७८३ साली ती साल्झबर्गच्याच संत पीटर मठाच्या चर्चमध्ये गायली गेली. ती मात्र त्याच्या हातून कधीच पुरी झाली नाही.