झरोक्याला बोळा नको, टोपी लावा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतील घरे बदलली. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांच्या जागी रमाई आवास योजनेतून पक्की घरकुले उभी राहिली. घरात गॅस आला, ओट्यावर शेगडी आली. ही कमाई छोटी नाही. पण आरोग्याच्या पानावर एक गोष्ट आम्हाला सांगावीच लागते. घर पक्के झाले, तसे ते बंदही झाले. कुडाच्या भिंतीतून, कौलांच्या फटींतून धूर आपली वाट काढत असे. विटा-सिमेंटच्या भिंतीतून आणि स्लॅबमधून तो जात नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.

ही वाट अनेक घरांत ठेवलेली असते, आणि अनेक घरांत ती बुजवलेलीही असते. झरोक्यात पोत्याचा बोळा, पंख्याच्या भोकावर पुठ्ठा, जाळीवर जुन्या साडीचा तुकडा. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, लोणी भापकर आणि आसपासच्या गावांत, याची कारणे कोणालाही सांगता येतील. उन्हाळ्यात धूळ येते, वळवाचा पाऊस आडवा येतो, थंडीत गार वारा शिरतो. उंदीर, पाल, कधी सापही येतो. मग घरातली बाई बोळा कोंबते. तिचे काही चुकत नाही. उघड्या भोकाशेजारी लेकरू झोपवायचे कसे? दोष आहे तो भोकाला बाहेरून टोपी नसण्याचा. म्हणून आमचे म्हणणे असे, की ही काही शे रुपयांची टोपी किरकोळ सामान नसून आरोग्याची वस्तू आहे. ती असेल तरच भोक बारा महिने चालू राहते.

आपल्या आजी-पणजींना ही गोष्ट ठाऊक होती. धाब्याच्या घराला वर सानं असायचे. धूर त्यातून जायचा, उजेड त्यातून यायचा. पाऊस आला की कोणीतरी धाब्यावर चढून त्यावर पाटी पालथी घालायचे. ती पालथी पाटी म्हणजे त्या काळची टोपी. आता वर चढून पाटी घालायला कोणी मोकळे नाही. म्हणून पंखा लावला की उघडेल आणि बंद केला की आपोआप मिटेल, अशी टोपी हवी.

"आता गॅस आहे, धूर कुठे राहिला?" असे काही जण विचारतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. त्यानंतर सिलिंडर पुष्कळ घरांत पोहोचले. पण टाकी भरण्याचे पैसे जुळत नाहीत तेव्हा चूल पेटतेच. अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, सणाच्या भाकरी या गोवऱ्या, तुराट्या आणि वेड्या बाभळीवरच होतात. शिवाय गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वासनलिकेला त्रास देणारा वायू निघतो. कडकडीत तेलातली फोडणी, मिरचीचा खाट, तव्यावर भाजलेले बोंबील यांतून तेलाचे सूक्ष्म कण हवेत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात खोलवर पोहोचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सीओपीडी या फुप्फुसाच्या आजाराबद्दल लिहिले. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही हा आजार होतो आणि जगाचा विचार केला तर सरपणाचा धूर हे त्याचे सर्वांत मोठे कारण असू शकते, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला दम लागला की "वय झाले" म्हणून सोडून देतात. तिने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली, हे कोणी डॉक्टरांना सांगत नाही. ते सांगा.

आता टोपी कशी निवडायची ते पाहू. बारामतीच्या किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात "एक्झॉस्टचे शटर" किंवा "काऊल" मागितले की मिळते. मुख्यतः तीन प्रकार असतात. पहिला प्रकार नुसत्या तिरप्या पट्ट्यांची जाळी. ती स्वस्त असते, पण आडवा पाऊस आणि धूळ तीतून आत येते. दुसरा प्रकार हलत्या पाकळ्यांचे शटर. पंख्याच्या वाऱ्याने पाकळ्या उघडतात, पंखा थांबला की स्वतःच्या वजनाने मिटतात. तिसरा प्रकार खाली तोंड केलेली टोपी, म्हणजे पाइपाच्या तोंडावर बसवलेले छप्परच. आमच्या मते आपल्या भागात खाली तोंड असलेली आणि आत हलकी पाकळी असलेली टोपी सर्वांत चांगली. ती न मिळाल्यास पाकळ्यांचे शटर घ्या आणि वर चार-सहा इंचांचा पत्र्याचा छज्जा काढा.

दुकानातच पाकळीवर फुंकर मारून पाहा. फुंकरीने ती हलली पाहिजे. जड पाकळी छोट्या पंख्याच्या वाऱ्याने उघडतच नाही. स्वस्त प्लास्टिक उन्हात काही वर्षांत ठिसूळ होते, साधा पत्रा गंजतो. परवडत असेल तर अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील घ्या. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी मात्र स्वयंपाकघराच्या भोकाला लावू नका. तेल आणि पिठाची धूळ बसून ती थोड्याच दिवसांत लिंपल्यासारखी बंद होते. पाव इंची जाळी पुरते, आणि ती काढून धुता आली पाहिजे.

मापात काटकसर करू नका. संडासाच्या लाइनीचा उरलेला चार इंची पाइप वापरावा, असा मोह होतो. सहा इंची पाइपाच्या तोंडाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस इंच असते, चार इंचीचे साडेबारा. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पंखा सहा इंची आणि पाइप चार इंची असेल तर पंखा नुसताच घोंघावतो, धूर घरातच फिरतो. पंखा, पाइप आणि टोपी या तिन्हींचे माप एकच ठेवा. आठ बाय दहा फुटांचे, दहा फूट उंचीचे स्वयंपाकघर धरले तर आत सुमारे २३ घनमीटर हवा असते. ती तासाला १५ वेळा बदलायची तर तासाला साधारण ३४० घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो, तो वाचून घ्या. विजेची धास्ती नको. ४० वॅटचा पंखा रोज दोन तास चालला तरी महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत.

भोक कुठे पाडायचे, यावर आम्हाला जास्त बोलायचे आहे. आपली घरे दाटीने उभी आहेत. दोन घरांत कधी तीन-चार फुटांची बोळ असते. आपल्या पंख्याचे तोंड शेजारच्या खिडकीवर असेल, तर धूर घराबाहेर गेला असे म्हणता येत नाही. तो फक्त दुसऱ्या घरात गेला. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आपली जुनी वस्ती गावाच्या पूर्वेला, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा जिथे शेवटी पोहोचतो तिथे, वसवली गेली. गावाच्या अंगावरून आलेला वारा आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या सोसला. त्यांच्या लेकरांनी आपला धूर शेजारच्या पाळण्यावर सोडू नये. पाडण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलवा, जागा दाखवा, दोघांनी मिळून ठरवा. कोणाच्याही खिडकी-दारापासून निदान तीन फूट अंतर ठेवा. बोळ फारच अरुंद असेल तर पत्र्याचा पाइप बाहेरून वर नेऊन छपराच्या वर सोडा आणि तिथे टोपी बसवा.

दिशाही पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीत भोक असेल तर वारा धूर उलटा आत ढकलतो आणि पाऊसही आणतो. शक्यतो ती भिंत टाळा. शेगडीच्या जवळ, छताखाली साधारण एक फुटावर आणि दार-खिडकीच्या समोरच्या बाजूला भोक आले तर हवा खोलीभर फिरून बाहेर जाते.

बसवताना गवंड्याला काही गोष्टी ठामपणे सांगा. बीम, कॉलम किंवा लिंटेलला छन्नी लावू नये. आतली वायरिंग कुठून गेली आहे ते आधी पाहावे आणि मेन स्विच बंद करावा. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवावा, म्हणजे शिरलेले पाणी बाहेरच जाईल. तो भिंतीच्या बाहेर थोडा पुढे असावा. भोवतीची फट सिमेंटने पक्की भरावी, कारण पाव इंचाच्या फटीतूनही लहान उंदीर आत येतो. टोपी गिट्टी-स्क्रूने बसवून वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरावे. खालची कड मोकळी ठेवावी, आत गेलेले पाणी तिथून निथळते. जुना सिमेंटचा पत्रा किंवा पाइप करवतीने कोरडा कापू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पंख्याला अर्थिंग हवेच.

काम झाले की पंखा लावून एक उदबत्ती शेगडीजवळ धरा. धूर सरळ पंख्याकडे गेला आणि बाहेर पाकळ्या उघडल्या, तर काम नीट झाले. धूर रेंगाळत असेल तर समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडा. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी दुसरी हवा आत यायला वाट लागते. सगळे बंद करून पंखा लावला तर तो धडपणे ओढत नाही. त्याच घरात चूल किंवा बंब पेटलेला असेल तर त्याचा विषारी धूर उलटा घरात येऊ शकतो.

दोन इशारे लक्षात ठेवा. भिंतीतला पंखा आणि टोपी हे चुलीचे धुराडे नव्हे. चूल घरात असेल तर तिला वेगळे, छपराच्या वर निघणारे पत्र्याचे धुराडे हवे. प्लास्टिकचा पाइप तिथे वितळतो. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. त्यातली धुराडे काजळीने बुजली, साफ झाली नाहीत, आणि पुष्कळ चुली मोडीत निघाल्या. म्हणून धुराडे साफ करता येईल असेच बांधा. दुसरा इशारा गॅसगळतीचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर पंखा लावू नका, कोणतेच बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

महागडी बिजलीची चिमणी घ्यायची घाई करू नका. तिचा पाइप बाहेर नेलेला नसेल, तर ती हवा गाळून पुन्हा घरातच सोडते. तेल आणि वास थोडा अडतो, पण वाफ आणि वायू आतच राहतात. आधी भोक, पंखा आणि टोपी करा. हौसेचे सामान नंतर. सुकटीचा वास बाहेर जाईल म्हणून कोणी खिडकी लावून घेत असेल, तर त्यांनाही सांगा, की आपल्या ताटातल्या अन्नाची लाज धरून फुप्फुसे खराब करून घेऊ नका.

महिन्यातून एकदा टोपी आणि जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवा. पाकळीवर तेलाचा थर साचला की ती चिकटते, आणि तेलाचा थर पेटूही शकतो. हे काम घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी अंगावर घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. धूर जिने सोसायचा, धुराची वाटही तिनेच साफ करायची, हा न्याय नव्हे.

ज्यांचे घरकुल अजून बांधायचे आहे, त्यांच्यासाठी हे सर्वांत स्वस्त आहे. २६९ चौरस फुटांच्या घरात स्वयंपाकाचा कोपरा कुठे हे पाया भरतानाच ठरवा आणि भिंत उचलतानाच सहा इंची पाइपाचा तुकडा तीत बसवून घ्या. नंतरचा फोडाफोडीचा खर्च वाचतो. ज्यांची घरे उभी आहेत, त्यांनी ग्रामसभेत विषय मांडावा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. रस्ता, गटार, दिवे याबरोबर वस्तीतल्या स्वयंपाकघरांना पंखे आणि टोप्या द्या, ही मागणी लेखी करायला काय हरकत आहे? दहा घरांनी मिळून सामान आणले आणि एकाच गवंड्याकडून काम करून घेतले, तर मजुरीही कमी पडेल.

पावसाळा तोंडावर येण्याआधी हे उरकून घ्या. एकदा सर कोसळू लागली की हात पुन्हा पोत्याकडेच जातो. आणि एकदा बोळा बसला, की तो दिवाळीपर्यंत कोणी काढत नाही. जय भीम.