नवं बांधलेलं इंजिन थेट उसाला जुंपू नका



गाळप हंगाम तोंडावर आला की टेंभुर्णी, अकलूज, पंढरपूर, मोहोळ, कुठंही जा, गॅरेजपुढं गाड्यांची रांग असते. गेल्या हंगामात धूर मारणारं, ऑईल खाणारं इंजिन सहा-सात महिने तसंच ठेवायचं आणि कारखान्याचा बॉयलर पेटायची वेळ आली की उतरवायचं, ही आपली रीतच झाली आहे. कुणी लायनर-पिस्टन टाकतो, कुणी हाफ इंजिन बदलतो, कुणी अख्खं दुसरं इंजिन बसवतो. मिस्त्री रात्रीचा दिवस करून गाडी हातात देतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी फडात उभी असते. वीस टन ऊस, खाली ओली काळी जमीन, पुढं बांधाचा चढ.

माझं मत असं की इंजिन बांधण्याला जेवढं महत्त्व आहे तेवढंच त्याच्या पहिल्या ५० तासांना आहे. आणि हे ५० तास हंगामात मिळत नाहीत. ते हंगामाआधीच काढावे लागतात.

आधी कारण समजून घेऊ. लायनर होनिंग करून येतो तेव्हा आत बारीक तिरक्या रेघांची जाळी असते. त्या रेघांत ऑईल धरून राहतं. नव्या रिंगा त्या जाळीवर थोड्या घासतात, वरची बारीक टोकं झिजतात आणि रिंग लायनरला सगळीकडून सारखी टेकते. याला आपण रिंगा बसल्या म्हणतो. रिंगेला भिंतीवर दाबून धरायला तिचा स्वतःचा ताण असतोच, पण खरा दाब येतो तो डिझेल जळून झालेल्या गॅसचा. तो रिंगेच्या मागं जाऊन तिला बाहेर ढकलतो. म्हणजे लोड नसेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर रिंग बसत नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या दोन्ही पद्धती मला पटत नाहीत.

पहिली, आल्या आल्या पूर्ण लोड. रिंगा बसायच्या आधीच घासून उष्णता फार होते, ऑईलचा थर तुटतो, पिस्टनला ओरखडे पडतात. जास्तच झालं तर इंजिन चिकटतं.

दुसरी पद्धत जास्त फसवी, कारण ती काळजी घेतल्यासारखी वाटते. "रातभर स्लोवर चालू ठेवा, इंजिन मोकळं होतंय." स्लोवर दाब कमी, उष्णता कमी. डिझेल नीट जळत नाही, उरलेलं लायनरवरचं ऑईल धुऊन खाली चेंबरात उतरतं. जाळी भरून लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग ती गाडी जन्मभर ऑईल खाते आणि आपण मिस्त्रीला शिव्या देतो.

जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. खिलार खोंड पहिल्यांदा औताला धरला की कुणी त्याला नांगराला जुंपत नव्हतं. आणि गोठ्यात बांधून ठेवूनही तो कामाला लागत नव्हता. जाणत्या बैलाच्या जोडीला लावायचा, हलकं काम द्यायचं, मधे विसावा द्यायचा. इंजिनाचंही तेच. लाड नको आणि मारही नको. अर्धा ते पाऊण लोड, आणि तोही सारखा बदलता.

आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की या कामाची सोय पीकपद्धतीतच आहे. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी कुळवणी. ट्रॅक्टरला कुळव आणि पेरणी यंत्र यापेक्षा चांगलं शिकवणीचं काम नाही. ओढ मध्यम, तासाच्या टोकाला वळताना इंजिनाला विसावा, परत ओढ. पाच-सहा दिवसांत ५० तास भरतात. खोल नांगरट आणि रोटाव्हेटर तेवढे दिवस बाजूला ठेवा.

ट्रकला सोलापूर मार्केट यार्डातून पुण्याची कांद्याची अर्धी भरती घ्या. जाऊन येऊन ५०० किलोमीटर होतात. अशा दोन-तीन खेपांत रिंगा बऱ्याचशा बसतात. फक्त सरळ हायवेवर तासन् तास एकाच गेअरात, एकाच स्पीडवर ताणू नका. वेग कमी-जास्त करत चला. तुळजापूरच्या घाटात नवी गाडी भरून नेऊ नका. मोठ्या गेअरात दबत चालवण्यापेक्षा एक गेअर खाली घ्या.

कंपनीचं कोरं इंजिन असेल तर त्याच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच करा. बाकी बांधलेल्या इंजिनासाठी थोडक्यात:

१. पहिला सेल्फ मारताना डिझेल बंद ठेवा. ऑईलचा दाब दिसला की मगच चालू करा. टर्बो असेल तर हे हमखास करा.

२. रेडिएटरला बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं पाणी क्षारी, लायनरच्या बाहेरून थर धरतो आणि इंजिन तापतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच.

३. चालू झाल्यावर गळती बघा, ऑईलचा दाब बघा. थोडं गरम झालं की हलक्या कामाला लावा.

४. ऑईल पुस्तकातल्या ग्रेडचं. वरून कुठलीही बाटली ओतू नका.

५. पहिलं ऑईल-फिल्टर लवकर बदला. ट्रॅक्टरला ५० तासांनी, ट्रकला १००० किलोमीटरच्या आसपास. जुना फिल्टर कापून बघा. बारीक चमक चालते, नखावर येतील असे तुकडे दिसले तर गाडी जागेवर थांबवा.

६. टॅपेट तपासून घ्या. हेड काही इंजिनांना पुन्हा टाईट करावं लागतं, काहींना अजिबात नाही. पुस्तक बघून, टॉर्क पाना लावूनच.

७. रोज सकाळी डिपस्टिक बघून वहीत लिहा. ऑईलचा खप दिवसेंदिवस कमी होत गेला म्हणजे रिंगा बसताहेत.

आता मुख्य प्रश्न. "हप्ता कोण भरणार? टोळीला उचल दिलीय, गाडी उभी कशी ठेवू?" हा प्रश्न खोटा नाही. पण हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा धरला तर पाच-सहा दिवस मोठे, का मधेच इंजिन उतरवून गेलेले पंधरा दिवस मोठे? आणि नुकसान एकट्या गाडीमालकाचं होत नाही. टोळी खोपीवर बसून राहते. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या बिलातून जातं. तोडल्यापासून २४ तासांत ऊस गाळपाला गेला पाहिजे असं शास्त्र सांगतं, आणि इथं गाडीच बंद. शेवटी खापर फुटतं ड्रायव्हरवर. मालक म्हणतो यानं ताणली, मिस्त्री म्हणतो यानं ताणली. ज्यानं "आज तीन खेपा झाल्याच पाहिजेत" म्हणून फोन केला त्याचं नाव कुणी घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं तिघांना आहे.

गाडीमालकांना: हंगामाच्या तारखेकडं बघून गॅरेजला जाऊ नका. २०२३ ला १ नोव्हेंबर होती, २०२४ ला १५ नोव्हेंबर. तारीख मागं-पुढं होते, इंजिनाचे ५० तास कमी होत नाहीत. गणपती उठायच्या आत इंजिन बांधून झालं पाहिजे.

मिस्त्री लोकांना: गाडी देताना पहिल्या हजार किलोमीटरचे नियम कागदावर लिहून मालक आणि ड्रायव्हर दोघांच्या सह्या घ्या. म्हणजे पुढं कुणाची चूक ते भांडून ठरवावं लागणार नाही.

कारखान्यांच्या ऊस वाहतूक विभागांना: आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने आहेत. करार करताना गाडीची कागदपत्रं बघता, तसं इंजिनाचं काम कधी झालं तेही विचारा. नुकतंच झालं असेल तर पहिला आठवडा जवळच्या फडातल्या खेपा द्या, ट्रॅक्टरला एकच ट्रॉली लावू द्या. यात कारखान्याचा एक रुपया जात नाही, उलट ऐन भरात बंद पडणाऱ्या गाड्या कमी होतील.

लाखाच्या वर पैसे घालून बांधलेलं इंजिन चार हंगाम चालणार का एकाच हंगामात परत उतरणार, हे पहिल्या आठवड्यात ठरतं. तो आठवडा पेरणीत काढा. ऊस कुठं पळून जात नाही.