दगड गेला, गावाचं नावही गेलं



या पत्रकात आपण दाव्यांवर लिहितो, मोजणीवर लिहितो, फेटाळलेल्या अर्जांवर लिहितो. या वेळी दगडावर लिहितो आहोत. मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाली, "दगड खाऊन पोट भरतं का रे पोरांनो?" आजी, आपलं नाही भरत. पण आपल्या दगडावर दुसऱ्याचं भरतं, म्हणून तर लिहायचं.

आपला सगळा डोंगर काळ्या पत्थराचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वाहिला आणि थिजला, तोच हा पत्थर. थिजताना आत हवेच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यात गरम पाणी मुरलं, पाण्यातले क्षार साचले आणि त्यांचे चमकते खडे झाले. शास्त्रात त्यांना ॲपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट अशी नावं आहेत. खडीसाठी सुरुंग लावला की अशी पोकळी उघडी पडते. क्रशरवाल्याला त्या खड्यांचा उपयोग नाही, पण देशोदेशीचे हौशी लोक आणि संग्रहालयं त्याला मोठं मोल देतात. नाशिक शहराजवळ पांडवलेणीच्या डोंगराकडच्या खाणींतले पिवळे पॉवेलाइट जगभर नावाजले आहेत. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. आम्ही चौघं तिथे जाऊन आलो. ज्याला आपण गार म्हणून बांधावर फेकतो, तो काचेआड दिव्याखाली ठेवलेला पाहिला. खरं सांगतो, छाती भरून आली.

आता आपल्याकडे काय चालतं ते पाहा. एका खदानीवर आमच्यातले दोघं दोन उन्हाळे डबर फोडायला होते. पोकळी लागली की मुकादम घण थांबवायचा. मग छन्नीने हळूहळू खडा मोकळा करायचा, गवतात आणि कागदात गुंडाळायचा, टोकं मोडू द्यायची नाहीत. हे नाजूक काम आपल्या बायामाणसांच्या हाताला जमतं. संध्याकाळी एक गाडी यायची, खोकी घेऊन जायची. आपल्याला रोज मिळायचा तोच, वर कधी शंभराची नोट. खोकं कितीला गेलं ते कोणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. या दगडांच्या व्यवहारात दगडाबरोबर चिठ्ठी असते. कोणत्या गावचा, कोणत्या खाणीचा, हे चिठ्ठीवर असेल तर जाणकार त्याला जास्त मान देतो. पण पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसतं 'नाशिक, इंडिया' असतं. म्हंजे दगड तर गेलाच, पाड्याचं नावही गेलं. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं झगडतो, मग इथे नाव पुसलं जातं त्याचं काहीच वाटू नये का?

काही पोरं म्हणतात, बंद खदानीत आपणच जाऊन काढू. त्यांना आमचं सांगणं, असं करू नका. एक तर खनिज सरकारच्या मालकीचं मानलं जातं. वनहक्काच्या पट्ट्यात मोह, मध, तेंदू, बांबू येतो, दगड येत नाही. परवानगीशिवाय काढला तर चोरीचा गुन्हा आपल्यावरच लागेल. दुसरं, जुन्या खदानीचा कडा सुरुंगाने आतून खिळखिळा झालेला असतो. पावसाळ्यानंतर तर हात लावला तरी सुटतो. आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक पोऱ्या असाच खाली सापडला. जीव वाचला, पाय गेला. झारखंडात कोडरमा, गिरिडीहकडे बघा. तिथे पेग्मटाइट नावाच्या खडकात अभ्रक मिळतं. खाणी कागदावर बंद झाल्या, पण गरीब माणसं, लेकरंसुद्धा, त्यांच्या तोंडाशी ढिबरा म्हणजे अभ्रकाचा चुरा वेचत राहिली आणि दरडीखाली मेली. कागदावर खाणच नाही, तर भरपाई मागायची कुणाकडे?

मग रस्ता कोणता? कायद्यात आहे. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची 'किंवा' योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्ण, आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणकडची काही गावं त्या क्षेत्रात येतात. सगळी मेख त्या 'किंवा'त आहे. ग्रामसभा झोपली की एका सहीवर काम भागतं. म्हणून ग्रामसभा जागी पाहिजे. पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते, तीही करा.

आमचं मत असं: खदानीला नुसतं हो किंवा नुसतं नाही म्हणून सोडू नका. शिफारशीचा ठराव आला की आधी पाणी, चराई, देवराई आणि घरांना धोका आहे का ते पाहा. धोका असेल तर स्पष्ट नाही लिहा. हो म्हणायचं ठरलं तर ठरावातच अटी घाला. निघालेल्या खड्यांची नोंद गावाच्या वहीत व्हावी. ते वेगळे विकले तर गावाचा वाटा असावा. चिठ्ठीवर गावाचं आणि पाड्याचं नाव असावं. काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण करावं. ठेकेदार या अटी मानेलच असं नाही. पण अट लिहिलेली असेल तर भांडायला कागद हातात राहतो.

एवढं केलं तर आजीला सांगू, दगडाने पोट भरत नाही, पण दगडावरून कोणी आपल्याला मुकं समजणार नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, वही उघडा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.

जल, जंगल, जमीन आमची. जमिनीखालच्या दगडाचा हिशोबही आम्हीच मागणार!