चौकातली फर्म

मुलांना घेऊन सेंट्रल लायब्ररीत गेले की सेंट पीटर्स स्क्वेअरमध्ये मी जरा रेंगाळतेच. समोरच्या काचेच्या इमारतीत डीएलए पायपर ही वकिलांची बडी फर्म आहे. कंपन्यांची खरेदी-विक्री, करारमदार, नोकरीतले तंटे अशी तिची कामं. मी तिला अमेरिकन समजत होते, पण निम्मं घराणं आपल्या इकडचंच निघालं! डीएलए म्हणजे डिब, लप्टन, अल्सॉप; लीड्स-लिव्हरपूलकडची जुनी सॉलिसिटर मंडळी. २००५ साली अमेरिकेतल्या पायपर रुडनिक आणि ग्रे केरीशी त्यांची सोयरीक झाली.

त्याच चौकात एमेलिन पँकहर्स्टचा पुतळा आहे. त्यांची लेक ख्रिस्टाबेल १९०६ मध्ये इथल्याच विद्यापीठातून कायद्यात पहिल्या वर्गात आली, पण बाई म्हणून वकिली नाकारली गेली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी तर १८९२ मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. पदवी हाती पडायला १९२२ उजाडलं! मधे १९१९ च्या कायद्याने बायकांना हे दार उघडलं होतं, म्हणून तरी.

संध्याकाळी त्या इमारतीतून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या मुली भराभर ट्रॅमकडे निघतात. एमेलिनबाई खुर्चीवर उभ्या. माझी लेक मात्र हात ओढते, “आई, आपली ट्रॅम चुकेल!”